यंदा गाठ सोडायची नाही

उत्तन
२१ एप्रिल २०२५

एल्सा,

मी तुझी आजी. मोनिका माझं नाव, उत्तनला समुद्राच्या कडेला राहते. ओळख सांगून ठेवते, कारण काल ईस्टर होता हे तू विसरलीस, तेव्हा मीही विसरले गेले असणार. बाराच्या बसने येते म्हणालीस. मी आधी खिडकीत बसले, मग ओट्यावर बसले. शेवटी तुझा भाऊ गेविन म्हणाला, आजी, आता बसस्टॉपवरच खाट टाकतो. तुझ्या वाटणीचं डुकराचं इंदियाल त्यानेच खाल्लं. तो मात्र जेवण विसरत नाही.

फोन का करत नाही म्हणशील. फोनवर तू ‘हो आजी, हो आजी’ म्हणतेस आणि मागे मिक्सर चालू असतो. कागदावर मिक्सर चालत नाही. लिहितेय तुझी आई. कॉनीचं अक्षर चांगलं, खोड वाईट. माझं बोलणं ती इस्त्री करून कागदावर घालते. मी शाळेची पायरी चढले नाही, म्हणून प्रत्येक ओळ तिला वाचून दाखवायला लावते. आत्ता ती तोंड वाकडं करतेय. तेही लिही म्हटलं, लिहिलं तिने.

पत्र सरूबाई आणेल. ती तुमच्या भाईंदरला जेसल पार्कच्या बाजारात मासळी घेऊन बसतेच, तिच्या टोपलीत कागदाला जागा आहे. वास आला तर तो आपल्या घरचा आहे.

आता कामाचं. आपल्या खळ्यावर लाल खुंट्या ठोकल्यात. खळं आठवतं ना? घरामागचं मोकळं मैदान, जिथे बांबूच्या वलांड्यांवर बोंबील वाळत घालतो. ज्यावर तुझं शिक्षण झालं, जॉयशी लग्न झालं. तिथून म्हणे बायपास जाणार. खळं जाईल आणि त्याच्या मागची तिवरांची झाडंही जातील. डोंगरीच्या टेकडीचं सगळं पाणी त्या तिवरांतून खाडीत उतरतं. तिथे मातीचा भराव टाकला तर पाणी कुठे जाईल, असं मी खुंट्या ठोकणाऱ्या पोराला विचारलं. तो म्हणाला, आजी, मी फक्त खुंट्या ठोकतो.

दोन मे रोजी सुनावणी आहे. कागद सगळे इंग्रजी. तू ये आणि वाचून सांग. इथे माझ्यासारख्याच बायका जास्त, आणि गेविनचं इंग्रजी होडीच्या इंजिनाच्या डब्यावर लिहिलेलं असतं तेवढंच.

आणि तो स्टीलचा डबा परत पाठवलास, त्याला झाकण नव्हतं.

कॉनीच्या हातून, अंगठा माझा.

—

जेसल पार्क
२६ एप्रिल २०२५

प्रिय आजी,

ईस्टरचं सॉरी. खरंच सॉरी. जॉयच्या ऑफिसचे लोक अचानक जेवायला आले आणि सगळा दिवस त्यातच गेला. झाकण शोधतेय.

सरूबाईंनी पत्र दिलं तेव्हा समोरच्या मिनलबेन दारातच होत्या. संध्याकाळी त्यांनी जिन्यात दोन अगरबत्त्या जास्त लावल्या होत्या. आजी, पुढच्या वेळी सोबत सुके बोंबील नको पाठवू. मी इथे फ्रीजमध्ये तीन पिशव्या घालून ठेवते, तरी त्यांना कळतं.

दोन तारखेला मला जमणार नाही, ऑफिसमध्ये ऑडिट चालू आहे. पण एक सांगू? इतकं घाबरायचं काही नाही. रस्ता येतो तेव्हा सगळ्यांचंच काहीतरी चांगलं होतं. उत्तनहून भाईंदर स्टेशनला यायला एकच रस्ता, तोही सारखा तुंबलेला. तुम्ही लोक पण रोज शिव्या देताच ना? आणि वाळवणासाठी दुसरी जागा देतील, तसं प्रोजेक्टमध्ये लिहिलेलं असतं. तू भांडायला जाऊ नकोस, बीपी वाढेल.

मम्मीला सांग, गुडघ्याचं तेल पाठवते.

तुझी
एल्सा

—

उत्तन
६ मे २०२५

एल्सा,

तेल पोचलं. झाकण नाही.

सुनावणीला मी गेले. निळी साडी नेसले, जी मी फक्त लग्नाला आणि भांडायला नेसते. हॉल भरलेला होता. पुढे पडद्यावर एक मोठा फोटो लावला, विमानासारखं छोटं खेळणं उडवून वरून काढलेला. साहेब म्हणाले, ही प्रस्तावित मार्गावरची जागा, मोकळी आहे, वापरात नाही. मी बघितलं. हिरवंगार गवत, मधे काही नाही, ना बांबू, ना दोरी, ना एक कावळा. मी उठून उभी राहिले. माईक दिला तो उलटा धरला, पण माझ्या आवाजाला माईक लागत नाही. म्हटलं, साहेब, फोटो बदला, हे आमचं खळंच न्हाय.

अख्ख्या हॉलने टाळ्या वाजवल्या. साहेबांनी दोनदा विचारलं, आजी, नक्की ना, इथे तुमचं खळं नाही? मी म्हटलं, जलमापासून बघतेय, हे आमचं न्हाय. त्यांनी लगेच लिहून घेतलं. बघ, माझ्यासारख्या अंगठेवाल्या बाईचं बोलणं त्यांनी शब्दनशब्द लिहून घेतलं. परत येताना लीलाधरने, आपल्या शेजारच्या वलांडीवाल्याने, रिक्षात मला पुढच्या सीटवर बसवलं. घरी येऊन मी दोन ग्लास ताक प्याले.

आता दुसरी गोष्ट. सरूबाई काल टोपली उतरवून घरी आली आणि चहा थंड होईपर्यंत गप्प बसली. सरूबाई गप्प बसली म्हणजे कुणीतरी मेलं असणार, म्हणून मी विचारलं कोण. तर म्हणाली, तुझ्या नातीच्या बिल्डिंगच्या गेटवर मोठा बॅनर लागलाय. बायपास झालाच पाहिजे. खाली कमिटीचे फोटो. त्यात एल्सा हाय. हसतेय.

म्हणजे ऑडिट ते होतं होय.

तुझ्या आईने हे ऐकलं आणि भांडी घासायला गेली. धुतलेलीच भांडी घासत होती. तू विसरभोळी आहेस हे मला माहीत आहे. हे सांगायलाही विसरलीस का, तेवढं फक्त कळव.

सुके बोंबील पाठवत नाही. मिनलबेनला त्रास नको. आणि आता तुला कमिटीत चांगलं दिसायचं असेल.

मोनिका. (आजी लिहू नको म्हटलं मी कॉनीला.)

—

जेसल पार्क
१२ मे २०२५

आजी,

विसरले नव्हते. लपवलं.

तू रागावशील म्हणून लपवलं, पण आता लिहिते. त्या बॅनरवर मी माझ्या मनाने गेले. कुणी ओढून नेलं नाही. पप्पांना घेऊन आम्ही ज्या दिवशी निघालो, त्या अँब्युलन्समध्ये मम्मी पुढे होती आणि मागे मी. सायरन वाजत होता आणि आम्ही जागच्या जागी. पुढे कचऱ्याची गाडी, बाजूला दोन्हीकडे पार्क केलेले टेम्पो. मी खाली उतरून लोकांना हात जोडले. परत आत चढले तेव्हा पप्पांचा हात गार होता. डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणलं असतं तर. ‘थोडं आधी’ हे दोन शब्द मी रोज घेऊन झोपते. दुसरा रस्ता असता तर माझे पप्पा असते. म्हणून मी कमिटीत आहे. आता तू मला काय म्हणायचं ते म्हण.

आणखी एक. हे मी सांगणारच नव्हते.

सुनावणीचा रिपोर्ट आमच्या ग्रुपवर आला. तो फोटो मी मोठा करून पाहिला. आजी, ते आपलंच खळं आहे. वरून खळ्याच्या कडेचा आपला क्रूस दिसत नाही, नुसता दगडाचा ठिपका दिसतो, पण त्याची सावली गवतावर पडलीय. आडवी, लांब, उजवा हात तुटका. वादळात तुटला होता तो हात. खालच्या कोपऱ्यात तारीख आहे, गेल्या वर्षीचा ऑगस्ट. ऑगस्टमध्ये वलांड्या कुठून असणार? पाऊस लागायच्या आधी सगळे बांबू सोडून माळ्यावर चढवतो ना आपण. वाडीतली सगळ्यात म्हातारी बाई पहिली गाठ सोडते, त्याशिवाय कुणी दोरीला हात लावत नाही. तू गाठ सोडायचीस आणि दोरीचं टोक मी धरायचे. टोक जमिनीला लागू द्यायचं नाही म्हणून मी दोन्ही हात वर करून उभी राहायचे. मला वाटलं होतं मी हे विसरलेय.

रिपोर्टमध्ये लिहिलंय: ‘या जागेवर खळे नसल्याचे स्थानिक ज्येष्ठ महिलेने स्वतः सांगितले.’ ती तू.

मी दोन दिवस हे कुणाला सांगितलं नाही. गप्प राहिले असते तर कमिटी जिंकली असती. मग का लिहितेय, मला माहीत नाही.

एल्सा

—

उत्तन
१९ मे २०२५

माझ्या बाय,

तुझं पत्र कॉनीने वाचलं. अर्ध्यावर थांबली, चहा करून आली, मग पुढचं वाचलं. चहात साखर नव्हती. मी पिऊन टाकला.

आधी माझं ऐक. सॅम्युएल तुझा बाप होता, तसा माझा मुलगा होता. तुझ्या आधी मी त्याचा हात धरला होता, तो चालायला शिकत होता तेव्हा. रस्ता नको असं मी कधीच म्हटलेलं नाही. मला रस्ता हवा आहे, तुझ्यापेक्षा जास्त हवा आहे. पण अँब्युलन्स कशात अडकली ते तूच लिहिलंयस. कचऱ्याची गाडी आणि दोन्हीकडे टेम्पो. मग आधी ते टेम्पो हटवा. आहे तो रस्ता रुंद करा, माझ्या ओट्याचा कोपरा लागला तर घ्या, मी स्वतः फोडून देते. बायपास आपल्या दारात थांबणारच नाही, एल्सा. तो वरून जाईल, हायवेच्या गाड्या घेऊन. आपल्याला चढायला वाट कुठे आहे, ते त्यांच्या नकाशात बघून मला सांग.

आता फोटोचं. देवाला आणि घारीला जसं दिसतं तसं मी माझं खळं कधी बघितलं नाही. मी ते खालून ओळखते, बांबू, वास आणि कुत्री यांच्यावरून. तरी मला हसू आलं. आयुष्यभर लोकांना म्हणत आले, नीट बघा, नीट बघा. आणि भर हॉलमध्ये, टाळ्या घेऊन, मीच माझं खळं देऊन आले. लीलाधरला सांगितलं तर तो रिक्षाचे पैसे परत मागतो की काय असा बघत होता.

आता माझ्या तोंडावर कुणी विश्वास ठेवणार नाही, ते त्यांनी लिहून घेतलंय. तेव्हा बांबूंनीच बोलावं. म्हणून ठरवलंय. यंदा गाठ सोडायची नाही.

वाडीला काल सांगितलं. मी गाठ सोडत नाही तर कुणालाच सोडता येत नाही, हे त्यांनाही माहीत आहे. एकच गलका झाला. लीलाधर सगळ्यात पुढे. मोनीबाय, बांबू कुजतील, दोऱ्या सडतील, वाऱ्याने सगळं आडवं होईल, परत उभं कोण करणार? मी म्हटलं, मी कुणाचा हात धरलेला न्हाय, ज्याला सोडायचं हाय त्याने सोडा. म्हणाला, तू पहिली गाठ सोड मग आम्ही सोडतो. मी म्हटलं, माझी बोटं दुखतात. तसाच पाय आपटत गेला.

तुला एक काम. जागेची पुन्हा पाहणी करा, असा अर्ज तू लिही. तारखेचं लिही, सावलीचं लिही, माझी चूक झाली तेही लिही. आणि रस्ता रुंद करा हे विसरू नकोस. नाही लिहिलास तरी गाठ सुटणार नाही. पण लिहिलास तर बरं वाटेल.

अंगठा.

*एल्सा, हे मी, मम्मी. खालची ओळ आजीने सांगितलेली नाही आणि तिला वाचूनही दाखवणार नाही. त्या दिवशी पुढच्या सीटवरून ड्रायव्हरला मीच म्हणाले होते, गल्लीतून घ्या, आणि गल्लीत टेम्पो होते. तू एकटी नाहीस ते दोन शब्द घेऊन झोपणारी. अर्ज लिही.*

—

जेसल पार्क
१५ जून २०२५

प्रिय आजी,

अर्ज दिला. शिक्का मारून घेतला. नकाशा पण पाहिला, दोन वेळा. उत्तनला उतरायला-चढायला खरंच कुठेच वाट नाही. हे मी कमिटीच्या मीटिंगमध्ये विचारलं तर सगळे एकमेकांकडे बघायला लागले. आमच्यापैकी कुणी नकाशा पाहिलाच नव्हता, फक्त बॅनर पाहिला होता. मी कमिटीतून नाव काढलंय. जॉय दोन दिवस फुगला होता, आता स्वतःच लोकांना नकाशा दाखवत फिरतोय.

उत्तर आलंय. पाहणी होणार, दहा जुलै, गुरुवार. मुद्दाम पावसात ठेवलीय की काय देव जाणे. मी सुट्टी टाकलीय.

गेविन म्हणतो, वारा वाईट आहे. तुम्ही ठीक आहात ना? आणि एक आयडिया. नुसते रिकामे बांबू बघून साहेब काय म्हणतील? जुलैत मासेमारी बंद. मी कोल्ड स्टोरेजमधून बोंबील घेऊन येऊ का? एक दिवस टांगले की काम झालं.

(मम्मी, हे आजीला वाचून दाखवू नकोस: तुझी ओळ वाचली.) आजी, मम्मीला माझ्याकडे चार दिवस पाठव.

तुझी
एल्सा

—

उत्तन
५ जुलै २०२५

एल्सा,

कॉनी तुझ्याकडे राहून आली आणि डोळे सुजलेले, पण चेहरा मोकळा. काय बोललात ते मी विचारलं नाही. बायका घरी आल्यावर सांगतात ते अर्धंच असतं, आणि उरलेलं अर्धं माझ्या कामाचं नाही.

वाऱ्याचं सांगते. तुझं पत्र आलं त्याच आठवड्यात आला. सकाळी दार उघडलं तर आपल्या वलांड्या आडव्या, बांबू एकमेकांवर, दोऱ्या लोंबकळतायत. मी छत्री घेऊन उभी राहिले, मग छत्रीही उलटी झाली, म्हणून ती टाकून दिली. वाटलं, झालं. गाठ मी सोडली नाही, पण वाऱ्याने सोडली.

पहिला कोण आला असेल? लीलाधर. खांद्यावर नवी दोरी, माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, खाली बसून बांबू बांधायला लागला. मी म्हटलं, कुजतायत ना रे बांबू? तो म्हणाला, कुजू दे, मोनीबाय, पण उभे कुजू दे.

मग सरूबाई आली, गेविन आला, वाडी आली. दुपारपर्यंत सगळं पुन्हा उभं. आता रोज कुणीतरी फेरी मारून दोऱ्या आवळतं. बोंबील नाहीत, तरी लोक वलांड्यांना जपतायत.

कोल्ड स्टोरेजचे बोंबील आणायचे नाहीत. गेविनला तुझी युक्ती आवडली, मला नाही. पावसात बोंबील वाळत नाहीत हे कुत्र्यालाही कळतं. त्या साहेबाने खोटा फोटो काढलेला नव्हता, त्याने खरा फोटो भलत्या महिन्यात काढला. आपण त्याला खोटं दाखवायचं नाही. बांबू आहेत, ते रोवलेले खड्डे आहेत, माणसं आहेत. विचारलं तर सांगायचं, यंदा का काढले नाहीत ते. मी सांगेन. या वेळी माईक सरळ धरीन.

लाल खुंट्या गेल्या आठवड्यात पाण्याखाली गेल्या होत्या. टेकडीचं पाणी आलं, तिवरांत शिरलं, रात्रभर थांबलं आणि सकाळी खाडीत उतरलं. घराच्या पायरीला लागलं नाही. भराव असता तर ते कुठे थांबलं असतं, हे त्या साहेबांना तू तुझ्या इंग्रजीत विचार. मी विचारलं तर ते म्हणतील, आजी, मागच्या वेळी तुम्हीच म्हणालात.

वाडीत लोक विचारतात, साहेब येऊन गेले की गाठ सोडायची ना? मी म्हटलं, न्हाय. साहेब येऊन गेल्याने काय झालं, येतात तसे जातात. त्यांचा कागद येऊ दे, तू वाचून दाखव, मग सोडू. उशीर झाला तरी मला घाई नाही. सप्टेंबर उजाडला तर सोडायची गरजच नाही, नवे बोंबील येतील आणि त्याच वलांड्यांवर चढतील. आणि सोडायची वेळ आलीच तर टोक तूच धरायचं. आता तुला हात वर करावे लागणार नाहीत, उंच झालीस.

दहा तारखेला आम्ही सगळे पहाटेपासून खळ्यावर बसणार, ताडपत्रीखाली. जेवण तुझ्याकडून. मिनलबेनला सांग, मोनिका विचारतेय, मेथीचे थेपले करून द्याल का? पातळ करा, आमच्यातल्या निम्म्या जणींना दात नाहीत. सोबत छुंदा. साहेबांसाठी आणि त्यांच्या ड्रायव्हरसाठी वेगळी पुडी बांधायला सांग, त्यात काय चालतं काय नाही हे तिला आपल्यापेक्षा जास्त कळेल. आमच्यावर टेप लावायला आलेला असला तरी माझ्या खळ्यावर कुणी उपाशी उभं राहायचं नाही. आमच्यासाठी लसणीची सुकी चटणी, भरपूर, आणि ती तू स्वतः कर, तिच्या घरात लसूण नेऊ नकोस.

चटणी त्या स्टीलच्या डब्यात घाल. डबा सरूबाईबरोबर धाडलाय. झाकण लावून आण.